टेस्टोस्टेरॉन २४१: मधुमेही पुरुषाने हा रिपोर्ट कसा वाचायचा

मी रक्त घेतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं झाली. दिवसाला पन्नास-साठ दंडांना पट्टा बांधतो. माझा स्वतःचा मधुमेह मला कामावरच कळला. नवं मशीन बसवलं होतं, चालतंय का ते बघायला म्हणून स्वतःचंच रक्त लावलं, तर साखर २८६. मशीनच बिघडलंय म्हणून दुसऱ्यावर लावलं. तिथे २८९.

त्याला आता अकरा वर्षं होतील. दोन वर्षांपूर्वी थकवा फार वाढला. इच्छा उरली नव्हती, ताठरता अर्ध्यावर सोडून जायची, पोट मात्र पुढे पुढे. एका रात्रपाळीनंतर, सकाळी साडेअकराला, भरपेट नाश्ता करून झाल्यावर सहकाऱ्याला म्हटलं, "एक ट्यूब काढ रे, टेस्टोस्टेरॉन लाव." या पुरुषी हार्मोनचा रिपोर्ट आला २४१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. आमच्या रिपोर्टवर खालची मर्यादा २६४ छापलेली असते. तासाभरात तीन जणांनी तीन सल्ले दिले. एकाने जेल सांगितलं, दुसऱ्याने इंजेक्शन, तिसऱ्याच्या ओळखीचा एक जिमवाला होता. "महिन्यात वाघ होशील," म्हणाला.

वाघ व्हायच्या आधी रिपोर्टवर सही करणाऱ्या मॅडमनी मला आत बोलावलं.

"सॅम्पल कधीचं?"
"साडेअकराचं."
"काल रात्री झोपला होतास?"
"ड्युटी होती, मॅडम."
"आणि नाश्ता?"
"झाला होता."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "हे तुझ्या रात्रपाळीचं टेस्टोस्टेरॉन आहे. तुझं परत दे."

पुढचे काही महिने मी जे शिकलो ते इथे लिहितोय, त्याच क्रमाने. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली, डोस किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण डॉक्टरांच्या टेबलावर चुकीच्या सॅम्पलचा रिपोर्ट ठेवला तर निर्णयही चुकीचाच होणार, आणि सॅम्पल हे माझं खातं आहे.

आधी सॅम्पल नीट द्या

टेस्टोस्टेरॉन दिवसभर एका पातळीवर नसतं. पहाटे-सकाळी सगळ्यात वर, मग दुपारपर्यंत उतरतं. तरुणांत हा चढउतार मोठा असतो, वयाबरोबर थोडा सपाट होतो, पण जात नाही. म्हणून रक्त सकाळी द्यायचं, सात ते दहाच्या मधे. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर "आलोच आहे तर करून टाकू" म्हणणारे रोज भेटतात. त्यांना मी हल्ली परत पाठवतो, शिव्या खाऊन.

दुसरं, उपाशीपोटी. साखरेच्या चाचणीला उपाशी राहायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, याला का, ते सहसा कोणी सांगत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पुढचे दोन तास पुन्हा पुन्हा रक्त घेतलं, तर टेस्टोस्टेरॉन सरासरी २५ टक्क्यांनी उतरलं. ज्यांचं उपाशीपोटी नॉर्मल होतं त्यातलेही काही जण 'कमी'च्या रकान्यात गेले. तेव्हा ग्लुकोज पाजून साखर बघायची चाचणी आणि टेस्टोस्टेरॉन एकाच दिवशी असेल तर टेस्टोस्टेरॉनची ट्यूब पहिल्या, उपाशी टोचणीलाच भरून घ्या. नंतरच्या ट्यूबमधून लावू देऊ नका. सांगावं लागतं, गर्दीत आमच्याकडूनही राहतं.

इन्सुलिन किंवा साखर खाली ओढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी डोस टोचून किंवा गिळून लॅबमध्ये येऊ नका. रांगेत घाम फुटून बसलेले रुग्ण मी पाहिलेत. औषध सोबत आणा, रक्त दिलं की खाण्याबरोबर घ्या. वेळ कशी बदलायची ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा.

तिसरं, झोप. २०११ मधल्या एका छोट्या प्रयोगात दहा तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं. दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरलं. निरोगी तरुण होते ते. मग रात्रपाळी करून आलेल्या, पोट सुटलेल्या माझ्यासारख्या मधुमेह्याचं काय! रात्रपाळी असलेल्यांनी निदान दोन-तीन दिवस नीट झोप झाल्यावर सॅम्पल द्यावं.

ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन, हॉस्पिटलात भरती यानंतर लगेच तपासू नका. आजारात शरीर हे हार्मोन आपणहून खाली आणतं. बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या. आणि केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या खात असाल तर लॅबमध्ये सांगा. काही कंपन्यांच्या किटची रसायनक्रिया बायोटिनवर उभी असते. रक्तात ते जास्त असेल तर टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं दिसू शकतं. दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगतात.

आणि हे सगळं दोनदा. एका सकाळी कमी आलं म्हणून कुणालाही 'हार्मोन कमी' असा शिक्का मारायचा नसतो. वेगळ्या दिवशी, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने पुन्हा. लॅब बदलली की किट बदलतं, किट बदललं की आकडा हलतो.

माझं दुसरं सॅम्पल तीन आठवड्यांनी, सकाळी ७:४० ला, उपाशी, आठ तास झोपून. ३१८.

३१८ म्हणजे चांगलं की वाईट?

पहिल्यांदा एकक बघा. कुणाचा रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतो, कुणाचा प्रति मिलिलिटरमध्ये (माझाच आकडा तिथे ३.१८ दिसेल), कुणाचा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. नॅनोमोलला २८.८ ने गुणलं की डेसिलिटरवाला आकडा मिळतो. "माझं अकरा आहे, तुझं तीनशे" अशी तुलना करून घाबरलेले लोक मी बघितलेत. ते दोन्ही आकडे जवळजवळ एकच आहेत.

२६४ ही खालची मर्यादा १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांवरून काढलेली आहे. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर ३०० धरतात. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत लैंगिक तक्रारींची सांगड साधारण ११ नॅनोमोलच्या खाली, म्हणजे ३१७ च्या आसपास, बसते असं दिसलं. म्हणजे मी बरोबर कुंपणावर.

इथे मधुमेह्यांची खास गोम आहे. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेलं असतं, काही एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट, काही अल्ब्युमिनला सैल. मोकळं फिरतं ते दोन टक्क्यांच्या आसपास. एसएचबीजी यकृतात बनतं, आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, यकृतात चरबी साठली की ते कमी बनतं. बांधून ठेवणारं प्रथिनच कमी, म्हणून एकूण आकडा खाली दिसतो. मोकळा हिस्सा मात्र ठीक असू शकतो. टाइप १ मध्ये उलटं होतं, एसएचबीजी चढं असतं आणि एकूण आकडा उगाच छान दिसतो.

तेव्हा आकडा कुंपणावर असेल तर एसएचबीजी करून घ्या. माझं १६ नॅनोमोल आलं, कमीच. एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या तिन्हींवरून मॅडमनी हिशेब करून मोकळं टेस्टोस्टेरॉन काढलं: साधारण ३०० पिकोमोल प्रति लिटर. २२० च्या खाली असतं तर चिंता. म्हणजे माझ्याकडे हार्मोन होतं. थकवा दुसरीकडून येत होता.

'फ्री टेस्टोस्टेरॉन' नावाची थेट चाचणी स्वस्तात मिळते म्हणून ती करू नका. नेहमीच्या किटवर ती भरवशाची नसते, आम्ही करणारेच सांगतो. हिशेब करून काढलेलं बरं.

दोन्ही वेळा खरोखर कमी आलं तर पुढचे प्रश्न: एलएच आणि एफएसएच किती, प्रोलॅक्टिन किती. ही मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारी हार्मोन, पहिली दोन वृषणांना हुकूम देतात. एलएच चढं असेल तर वृषणातच बिघाड. नॉर्मल किंवा खाली असेल तर वरून, मेंदूकडून येणारा हुकूमच मंद पडलाय. टाइप २ मध्ये बहुतेकदा हेच असतं, आणि हे दुर्मिळ नाही. २००४ मधल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी एक-तृतीयांश जणांचं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी निघालं होतं. एलएच कमी आणि टेस्टोस्टेरॉन १५० च्याही खाली असेल तर डॉक्टर पिट्युटरीचा एमआरआय सांगतात. तो टाळू नका.

एक चाचणी मात्र मी आवर्जून सांगतो, कारण फार कमी जण करतात: फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा हिशेब. शरीरात लोह साठत जाण्याचा एक आनुवंशिक आजार असतो. ते लोह स्वादुपिंडात साठलं की मधुमेह, पिट्युटरीत साठलं की टेस्टोस्टेरॉन कमी, हृदयात साठलं की हृदय कमजोर. तिन्ही एकाच माणसात असून तिन्हींची वेगवेगळी औषधं वर्षानुवर्षं चालू राहू शकतात. उपचाराची सुरुवात साधी असते, ठरावीक काळाने रक्त काढत राहायचं. सांधे दुखतायत, कातडी विनाकारण काळवंडलीय, यकृताचे आकडे चढलेत, त्यात हे सगळं, तर विचाराच.

आता हृदय

मी फिजिशियनकडे गेलो तो टेस्टोस्टेरॉनची फाइल घेऊन. त्यांनी फाइल उघडलीच नाही. पहिला प्रश्न: "जिना चढताना दम लागतो?" दुसरा: "ताठरतेची तक्रार कधीपासून?" म्हटलं, दीड-दोन वर्षं. तिसऱ्या प्रश्नाऐवजी त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब १४८/९२.

त्यांनी कागदावर दोन गोल काढले, एक छोटा, एक मोठा. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. साखरेने आणि चरबीने अस्तर खराब व्हायला लागलं की आधी अरुंद नळी तक्रार करते. हृदयाची तक्रार मागून येते, बऱ्याच जणांत दोन ते पाच वर्षांनी. "तुमची दोन झालीत," ते म्हणाले.

मला वाटतं मधुमेही पुरुषाने या विषयातलं एकच पान वाचायचं ठरवलं तर हे वाचावं. ताठरता जाणं हा हार्मोनचा प्रश्न आहे असं आपण धरून चालतो, कारण जाहिराती तसं सांगतात. मधुमेह्यात तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांचा आणि नसांचा प्रश्न असतो. हार्मोन कमी असलं की मुख्यतः इच्छा जाते. इच्छा आहे पण शरीर साथ देत नाही, तर आधी नळ्यांकडे बघा. त्यात मधुमेहात छातीत दुखण्याची नसच बधिर झालेली असू शकते. हार्ट अटॅक येऊन गेला तरी कळत नाही, नंतर ईसीजीत सापडतो. दम लागणं, कारण नसताना घाम, जबडा किंवा पाठ भरून येणं, अचानक गळून जाणं, हे आपल्यासाठी छातीत दुखण्याच्या जागी धरायचं.

माझ्या तपासण्या अशा निघाल्या. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.४. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३४. लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर ६२, ते ३० च्या खाली हवं. ते चढलं की किडनीबरोबर हृदयाचाही धोका चढलेला असतो. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट ठीक. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू झालं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. मधुमेह आणि त्याबरोबर असे आणखी धोके असतील तर एलडीएल ७० च्या खाली आणायचं असतं, हृदयविकार आधीच असेल तर ५५ च्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे एलडीएलचे रिपोर्ट छापले आणि १३४ वर नॉर्मलचा शिक्का बघून स्वतः निवांत होतो. रिपोर्टवरची मर्यादा सगळ्यांसाठी असते, मधुमेह्यासाठी वेगळी, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

स्टॅटिनने टेस्टोस्टेरॉन कमी होतं म्हणून काही जण गोळी सोडतात. परिणाम झालाच तर अगदी किरकोळ असतो. गोळी सोडण्याचा परिणाम किरकोळ नसतो.

ताठरतेच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात: हृदयासाठी नायट्रेट घेत असाल, जिभेखालची गोळी किंवा स्प्रेसुद्धा, तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल अजिबात नाही. रक्तदाब जीवघेणा कोसळतो. आणि असली गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत.

कमी टेस्टोस्टेरॉन हृदय बिघडवतं का?

ज्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू जास्त दिसतात, हे अनेक पाहण्यांत आलंय. त्यावरून 'भरलं की हृदय सुधारेल' असा अर्थ काढला जातो. तो तसा निघत नाही. लठ्ठपणा, वाईट झोप, साखर, जुनाट आजार हे हृदयही बिघडवतात आणि टेस्टोस्टेरॉनही खाली आणतात.

हार्मोनच्या बाबतीत वैद्यकशास्त्राने अशी उडी आधी मारून बघितलेली आहे. बायकांना हार्ट अटॅक पुरुषांपेक्षा उशिरा येतो, मग अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना स्त्रीहार्मोन देऊन बघू, असा प्रयोग १९६० च्या दशकात अमेरिकेत झाला, कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाचा. १९७० मध्ये इस्ट्रोजेनच्या मोठ्या डोसचा गट थांबवावा लागला. अटॅक वाढले होते. पुढे लहान डोसचाही थांबवला.

टेस्टोस्टेरॉनचं उत्तर यायला मात्र २०२३ उजाडलं. ट्रॅव्हर्स नावाच्या चाचणीत ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा मोठा धोका असलेले आणि दोनदा ३०० च्या खाली आलेले ५,२०० हून जास्त पुरुष होते. त्यात सुमारे ७० टक्क्यांना मधुमेह, म्हणजे आपलीच मंडळी. निम्म्यांना जेल, निम्म्यांना खोटं जेल. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू मिळून जेलवाल्यांत ७.० टक्के, दुसऱ्यांत ७.३. नुकसान नाही, आणि फायदाही नाही. पण हृदयाची लय बिघडणं, एट्रियल फिब्रिलेशन, ३.५ विरुद्ध २.४ टक्के, फुप्फुसात गुठळी ०.९ विरुद्ध ०.५. हाडंही जास्त मोडली, जे कुणालाच अपेक्षित नव्हतं. मधुमेह्यांची साखर सुधारली नाही. शिवाय निम्म्याहून जास्त जणांनी औषध मधेच सोडलेलं होतं, आणि डोस सतत रक्त तपासून बेतलेला होता. जिममधल्या कुपीला हा निकाल लावू नका.

'साखर सुधारते' असं सांगणारे ऑस्ट्रेलियातल्या टीफोरडीएम या २०२१ च्या चाचणीचा दाखला देतात. तिथे दोन वर्षांनी मधुमेह टेस्टोस्टेरॉनच्या गटात १२ टक्के होता, दुसऱ्यात २१. खरं आहे. पण ते पोट सुटलेले, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे किंवा नुकताच सापडलेले पुरुष होते, दोन्ही गट वजन उतरवण्याच्या कार्यक्रमात होते, आणि इंजेक्शनवाल्यांपैकी २२ टक्क्यांचं रक्त ठरलेल्या मर्यादेपलीकडे घट्ट झालं. अकरा वर्षं जुन्या मधुमेह्याने त्यातून स्वतःसाठी काही काढू नये.

वर आणायचं तर आधी कुठून

पोटापासून. चरबीत एक एन्झाइम असतं, अरोमाटेज, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. जास्त चरबी, जास्त रूपांतर. शिवाय चरबीतून सुटणारी रसायनं मेंदूकडून येणारा हुकूम दाबतात. म्हणून वजन उतरलं की आकडा आपोआप चढतो, आणि जितकं उतरेल तितका. आहाराने उतरवलेल्या वजनात साधारण ३ नॅनोमोलची वाढ दिसते, पोटाच्या ऑपरेशनने खूप वजन गेलं तर तिप्पट. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनीही चढतं. इस्ट्रोजेन दाबायच्या गोळ्या जिममध्ये वाटतात, त्या घेऊ नका. पुरुषाच्या हाडांना इस्ट्रोजेन लागतं.

माझं वजन ९१ होतं, कंबर १०६. चौदा महिन्यांत ८२ आणि ९७. त्यात काही जादू नव्हती: रात्रपाळी लेखी अर्ज देऊन बंद करून घेतली, रोज पाऊण तास चाललो, आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, रात्रीचं जेवण निम्मं केलं. एचबीए१सी ६.९ वर आलं. तिसरं टेस्टोस्टेरॉन, त्याच लॅबमध्ये, सकाळी ७:३० ला: ४०२.

घोरण्याचं राहिलंच. बायको वर्षानुवर्षं सांगायची की तुझा श्वास मधेच थांबतो. मी हसण्यावारी नेलं. झोपेची तपासणी केली तर तासाला २८ वेळा अडत होता. रात्री हवा देणाऱ्या मशीनचा मास्क लावतो आता. मशीनने टेस्टोस्टेरॉन वाढतंच असं नाही, पण माझा सकाळचा रक्तदाब उतरला आणि दुपारी ट्यूबवर लेबल लावताना डुलकी यायची ती थांबली. ज्याला मी 'हार्मोनचा थकवा' म्हणत होतो त्यातला निम्मा तरी हाच असावा.

औषधांची यादीही एकदा तपासून घ्या. अफूच्या गटातली वेदनाशामकं आणि स्टेरॉइड टेस्टोस्टेरॉन खाली आणतात. हृदय कमजोर असताना देतात ते स्पायरोनोलॅक्टोन या हार्मोनचं काम अडवतं. छाती दुखून सुजली तर डॉक्टरांना सांगा, बदली औषध असतं. स्वतः बंद करू नका.

तरीही घ्यायचंच ठरलं तर

दोनदा कमी, लक्षणं आहेत, कारण शोधून झालं, आणि डॉक्टर म्हणतायत घेऊ या. ठीक आहे, अशी माणसं असतात, त्यांना इच्छेत आणि रक्ताच्या कमतरतेत फरक पडतो. पण गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल, हृदय निकामी होण्याचा त्रास आटोक्यात नसेल, प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कॅन्सर असेल, गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असेल, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर त्रास उपचाराविना असेल, तर नाही. मूल हवं असेल तरीही नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की वृषणं शुक्राणू बनवणं जवळजवळ थांबवतात. हे ऐकून खुर्चीतच गप्प झालेला एक तरुण मला आठवतो. त्याला कुपी विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं.

सुरू करायच्या आधी हिमॅटोक्रिट आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तचाचणी. मग तीन ते सहा महिन्यांनी हिमॅटोक्रिट पुन्हा, पुढे दरवर्षी.

हिमॅटोक्रिट काय ते आमच्या जुन्या पद्धतीने सांगतो. काडीसारखी काचेची नळी, तिच्यात रक्त ओढायचं, एक टोक मातीने बुजवायचं आणि पाच मिनिटं जोरात गरगर फिरवायचं. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी, मधे पांढरी बारीक रेघ. तांबडा खांब नळीतल्या रक्ताच्या किती टक्के, तो हिमॅटोक्रिट. पुरुषात चाळीस ते पन्नास. टेस्टोस्टेरॉनने हा खांब चढतो. ५४ च्या वर गेला की औषध थांबवतात. इंजेक्शनात हे जेलपेक्षा जास्त होतं, कारण इंजेक्शननंतर पहिल्या दिवसांत पातळी उसळते.

आणि मधुमेह्यासाठी एक जास्तीची गोष्ट. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, हृदयासाठी आणि किडनीसाठी उत्तम आहेत, मीही एक घेतो. पण त्याही हिमॅटोक्रिट दोन-तीन अंकांनी चढवतात. दोन्ही एकत्र झालं की खांब लवकर वर जातो. एका नेहमीच्या रुग्णाचा गेल्या वर्षी ५६ आला. साखरेची गोळी एका डॉक्टरांची, इंजेक्शन दुसरीकडून, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. मॅडमनी रिपोर्ट छापायच्या आधी फोन केला. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगा, चिठ्ठीवर लिहून.

रक्तदाब घरी मोजत राहा. अमेरिकेच्या एफडीएने २०२५ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या सगळ्या उत्पादनांवर रक्तदाब वाढण्याचा इशारा छापायला लावला. इन्सुलिन चालू असेल तर साखर अचानक खाली जाऊ शकते, पहिले काही आठवडे जास्त वेळा तपासा. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर त्याचा परिणाम वाढतो, त्याची आयएनआर चाचणी लवकर करा. छातीत धडधड, श्वास कोंडणं, एका पायाला सूज, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. जेल लावल्यावर हात धुवा, जागा कपड्याने झाका; लहान मुलाला किंवा बायकोला लागलं तर तिथेही ते काम करतं. आणि सॅम्पल देताना जेल लावलेल्या दंडातून रक्त देऊ नका, आकडा भलताच येतो. दुसरा हात पुढे करा.

वर्षभरात तक्रारीत फरक नसेल तर चालू ठेवायचं कारण उरत नाही. हे डॉक्टरांना तुम्ही विचारा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

माझं पुढचं सॅम्पल मार्चमध्ये आहे. सकाळी साडेसातला, उपाशी. ट्यूब काढायला तोच सहकारी. या वेळी त्यानेच आधी विचारलंय, रात्री किती वाजता झोपणार म्हणून.